निदान : एका डॉक्टर-नायकाबद्दल सटाण्यातली मते

“अहो, डॉक्टर आहे ना तो? मग डीएनए तपासणी का करत नाही?”

२०२१ च्या सुमारास हा प्रश्न मी सटाण्यात इतक्या ठिकाणी ऐकला, की तो पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकला ते आता सांगता येत नाही. रेशन दुकानाच्या रांगेत ऐकला, बसस्थानकावर मालेगावच्या गाडीची वाट पाहताना ऐकला, डाळिंबाच्या प्रतवारीला बसलेल्या बायांमध्ये ऐकला आणि आमच्या घरात तर रोज रात्री जेवताना ऐकला. विचारणाऱ्याला उत्तर नको असायचे. एकाने विचारायचे आणि बाकीच्यांनी हसायचे, अशी त्याची रीत पडून गेली होती. मीही हसणाऱ्यांतलाच होतो. त्या हसण्याबद्दल पुढे मला माझ्याच घरात खाली मान घालावी लागली. हा लेख त्यातून आला आहे.

प्रश्नातला डॉक्टर म्हणजे ‘स्टार प्रवाह’ वाहिनीवरच्या ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेतला कार्तिक. ही मालिका ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये संपली. रेश्मा शिंदे यांनी सावळ्या दीपाची, आशुतोष गोखले यांनी डॉ. कार्तिकची आणि हर्षदा खानविलकर यांनी त्याच्या आईची, सौंदर्याची, भूमिका केली. मूळ कथा मल्याळम. ‘करुतमुत्तू’ ही ती मालिका. तेलुगूत तिची ‘कार्तिक दीपम’ झाली आणि तिथला ‘डॉक्टर बाबू’ घरोघरी पोचला. गंमत अशी की, तेलुगू प्रेक्षकांनीही डॉक्टर बाबूला हाच प्रश्न विचारून हैराण केले होते. म्हणजे थट्टा सटाण्याची एकट्याची नव्हती.

कथेचा गाभा थोडक्यात असा. आपण बाप होऊ शकत नाही असे सांगणारा अहवाल डॉ. कार्तिकच्या हाती पडतो. अहवाल खोटा असतो, पण तो त्यावर विश्वास ठेवतो. बायकोला दिवस गेल्याचे कळताच तो तिच्यावर संशय घेतो. दीपा घराबाहेर पडते, जुळ्या मुली होतात आणि त्यांची ताटातूट होते. एक आईजवळ वाढते, दुसरी बापाच्या घरी. पुढे वर्षानुवर्षे कथा एका संशयाच्या खुंटीवर टांगलेली राहते. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावर जो प्रश्न मिटेल, तो एक डॉक्टर शेकडो भाग मिटवत नाही. प्रेक्षक हसला यात नवल नव्हते.

इथे एक खुलासा करायला हवा. ‘रंग माझा वेगळा’ ही खऱ्या अर्थाने रुग्णालयाची मालिका नव्हे. तशा मालिका जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतली ‘जनरल हॉस्पिटल’ १ एप्रिल १९६३ पासून चालू आहे. ब्रिटनची ‘कॅज्युअल्टी’ १९८६ पासून आणि ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ २००५ पासून. आपल्याकडे विजया मेहतांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ केली. ती हिंदीत होती. पुढे ‘स्टार प्लस’वर २००२ मध्ये ‘संजीवनी’ आली आणि ‘स्टार वन’वर २००७ ते २०१० या काळात ‘दिल मिल गये’ चालली. या दोन्ही सटाण्यात आवडीने पाहिल्या गेल्या. मराठीत मात्र वर्षानुवर्षे चाललेली आणि लोकांच्या तोंडी राहिलेली रुग्णालयाची मालिका झाली नाही. मराठी मालिकेत डॉक्टर आहेत, पण ते प्रामुख्याने स्थळ म्हणून. मुलगा डॉक्टर आहे म्हटले की लग्नाच्या बोलणीतला अर्धा मजकूर आपोआप कळतो. गळ्यातला स्टेथोस्कोप हा तिथे नवरदेवाचा दागिना असतो. रुग्णालय म्हणजे एक पांढरी बोळ, एक बंद दार, दारावरचा लाल दिवा आणि बाहेर येऊन मान हलवणारा माणूस.

सटाण्याच्या प्रेक्षकाला रुग्णालय माहीत नाही असे नाही. त्याला ते बाहेरच्या बाकावरून माहीत आहे. डबा कोण आणणार, रात्री कोण थांबणार, केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजना लागू होईल का, इथेच ठेवायचे की “नाशिकला न्या” असे सांगतील, गाडीला किती पडतील, कांद्याची पट्टी कधी मिळेल, ही त्याची रुग्णालयकथा. तिच्यात डॉक्टर दोन मिनिटे येतो आणि जातो. मालिकेत पैसे भरायची खिडकी कधी दिसत नाही, हे मला प्रथम सांगितले ते कांद्याच्या चाळीवर काम करणाऱ्या एका मजूर बाईने. “एवढं मोठं ऑपरेशन झालं, पण डिपॉझिट कुणी मागितलं नाही,” एवढेच ती बोलली. तिच्या या वाक्याने मी पहिल्यांदा वही उघडली.

त्यानंतर मी दोन वह्या भरल्या. लोक मालिकेबद्दल जे बोलत ते त्याच दिवशी, शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायचे, एवढीच माझी पद्धत. नाव लिहायचे नाही. वय, काम आणि कुठे बसून बोलणे झाले तेवढे लिहायचे. मी कोणत्याही विद्यापीठात संशोधन शिकलेलो नाही, आणि या टिपणांना पाहणी म्हणण्याचा माझा आग्रह नाही. डीएनएचा प्रश्न गावभर झाला तेव्हा मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘तपासणी करावी’ म्हणणारे, उजवीकडे ‘करू नये’ म्हणणारे.

डावी बाजू भराभर भरली. महाविद्यालयात जाणारी मुले, शिक्षक, औषधाच्या दुकानातला पोऱ्या, पिकअप चालवणारा, सगळे तिथे. त्यांचे म्हणणे सरळ होते : साधन हाताशी आहे तर वापरा आणि मोकळे व्हा. या मतांकडे आपण नीट पाहत नाही. दूरचित्रवाणीवरच्या वैद्यकाबद्दल अभ्यासकांना जी काळजी वाटत आली ती नेमकी उलटी आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात १९९६ मध्ये एक लेख आला होता. त्यात तीन अमेरिकी कार्यक्रमांमधले हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रुग्णाला परत आणण्याचे ६० प्रसंग तपासले होते. पडद्यावरचे ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के घरी जाण्याइतके बरे झाले. प्रत्यक्षात हे प्रमाण फारच कमी असते. लोक पडद्यावरचे खरे मानतील आणि आपल्या डॉक्टरांकडून चमत्काराची अपेक्षा करतील, अशी ती काळजी. सटाण्यात मला दिसलेला प्रेक्षक पडद्यावरच्या डॉक्टरला वैद्यकशास्त्र शिकवत होता. डीएनए हा शब्द त्याने बातम्यांमधून आणि गुन्ह्यांच्या मालिकांमधून उचलला होता आणि योग्य जागी वापरला होता. मालिका पाहणारा म्हणजे भोळा, हा आपला साहित्यिक समज किती पोकळ आहे हे या डाव्या बाजूने मला दाखवले.

उजवी बाजू सावकाश भरली आणि तिथे बहुतेक बाया होत्या, त्याही पन्नाशीच्या पुढच्या. “तिनं का द्यायची परीक्षा?” असा त्यांचा सूर. प्रतवारीला बसणाऱ्या एका बाईने तर सीतेचा दाखला दिला : “एकदा आगीत गेली, तरी परत रानात धाडलीच ना? तपासणीनं संशय जातो का भाऊ? संशय माणसात असतो, रक्तात थोडाच असतो?” दुसरी म्हणाली, की उद्या मुलीला शाळेत कोणी विचारले की तुझ्या बापाने तुझी तपासणी का केली, तर तिने काय सांगायचे?

मी प्रथम ही मते जुनी, शास्त्राला घाबरणारी म्हणून बाजूला ठेवली होती. मग कायदा वाचताना थबकलो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे, विवाह टिकून असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानले जाई. पतीपत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती हे सिद्ध झाले तरच त्याला अपवाद. २०२४ मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही हे तत्त्व आहे. २०१४ मध्ये विदर्भातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कायद्याचे गृहीतक आणि डीएनएचा निर्विवाद निष्कर्ष यांत विरोध आला तर विज्ञानाला मान द्यावा. डाव्या बाजूला हा निकाल आवडेल. पण २०२३ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले, की नवऱ्याला संशय आहे एवढ्यावरून मुलाची डीएनए चाचणी सरसकट करायला लावता येणार नाही. आपल्या जन्माबद्दल उगाच शंका घेतली जाऊ नये, हा मुलाचा हक्क आहे. शाळेत मुलीला काय विचारतील, हा बाईचा प्रश्न आणि न्यायालयाची चिंता यांत मला फारसा फरक दिसला नाही. बाईने तो डाळिंबे निवडता निवडता विचारला होता, इतकेच.

इथवर लेख दोन बाजूंचा झाला असता आणि मी तो तसाच लिहिलाही असता. पण वहीत एक वाक्य असे आहे, की ते दोन्ही बाजूंत बसले नाही. ते मी समासात लिहून ठेवले होते.

माझी आत्या, आमच्याकडे फुई म्हणतात, तिचे लग्न सत्तरच्या दशकात झाले. सहा वर्षांत मूल झाले नाही. उपास झाले, नवस झाले, मालेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे खेपा झाल्या. तपासले ते फक्त फुईला. पुढे तिला माहेरी आणून सोडले आणि फुवांचे दुसरे लग्न झाले. तिथेही पाळणा हलला नाही. मग दुसरीचे उपास सुरू झाले. सूक्ष्मदर्शकाखाली पुरुषाचे वीर्य तपासणे तेव्हाही अवघड नव्हते. फुवांना कोणी तसे सांगितले नाही. सांगायचे कोणी? माझे वडील तिचे सख्खे भाऊ, पण तेही कधी बोलले नाहीत. फुई आमच्याच घरी राहिली. आम्हा भावंडांना तिने वाढवले. या विषयावर घरात कधी एक शब्द निघाला नाही, आणि मला तरी तो काढावासा कुठे वाटला होता?

‘रंग माझा वेगळा’ ती रोज पाहायची. भिंतीला टेकून, वाती वळत, काही न बोलता. त्या रात्री मी नेहमीप्रमाणे कार्तिकची थट्टा केली : कसला डॉक्टर, एका कागदावर विश्वास ठेवून बसला. मुले हसली. फुई वातीवरची नजर न काढता म्हणाली,

“काही म्हण, त्यानं निदान रिपोर्ट तरी काढला.”

कोणी काही बोलले नाही. माझ्या पत्नीने आवाज थोडा वाढवला आणि मालिका पुढे चालू झाली.

मराठीत निदान या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, कमीत कमी. दुसरा, रोगाची ओळख. फुईने पहिल्या अर्थाने शब्द वापरला, पण माझ्या मते त्या मालिकेचे आणि आमच्या घराचेही निदान त्याच वाक्यात झाले. आम्ही सगळे ‘दुसरी तपासणी का करत नाही’ म्हणून हसत होतो. तिने पहिल्या तपासणीकडे बोट दाखवले. मूल न होण्यामागे पुरुषाकडचे कारणही असू शकते आणि त्यासाठी पुरुषाची तपासणी होते, ही गोष्ट मराठी घरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी, सासू-सुनांच्या समोर, इतकी वर्षे बोलली गेली ती या मालिकेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते, आणि अशा जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो. तरी ‘वांझ’ हा शब्द आपण बाईसाठीच राखून ठेवला आहे. पुरुषासाठी त्याच्या तोडीचा, रोजच्या बोलण्यातला शब्द सांगा म्हटले तर आपल्याला शिवी आठवते.

हे बोलायला मराठीत कोणी नव्हतेच असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचक तिथे जे घरात विचारता येत नसे ते विचारत आणि कर्वे त्यांना छापून उत्तर देत. पण ते मासिक आमच्या आळीत कोणाकडे येत नव्हते. टीव्ही मात्र आमच्या घरातच होता.

आता मालिकेबद्दल टीकाकार म्हणून जे म्हणायचे आहे ते म्हणतो. या मालिकेवर दोन मोठे आक्षेप घेतले गेले : सावळ्या नायिकेसाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला काळा रंग फासला आणि कथा रबरासारखी ताणली. दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. माझा तिसरा आक्षेप फुईच्या वाक्यातून येतो. मालिकेने नायकाच्या हाती अहवाल दिला खरा, पण तो खोटा ठरवण्यासाठीच दिला. अहवाल बनावट निघताच नायकाचे पुरुषत्व शाबूत राहते, दोष खलपात्राच्या पदरात जातो आणि इतकी वर्षे उघडे ठेवलेले दार आतून कडी लावून बंद होते. अहवाल खरा असता तर? तर कार्तिकला डॉक्टर म्हणून, नवरा म्हणून आणि सौंदर्याचा मुलगा म्हणून एका सत्याबरोबर जगावे लागले असते. सौंदर्या बाहेर काय सांगणार, दीपा त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहणार, मूल दत्तक घ्यायचे की नाही, हे प्रश्न सुरू झाले असते. ती कथा संशयाच्या कथेपेक्षा अवघड होती, आणि माझ्या मते अधिक भाग चालण्याजोगी होती. आपल्या मालिकांमध्ये सून काळी चालते, गरीब चालते, घराबाहेर काढलेली चालते; नायक वंध्य चालत नाही. मल्याळमपासून मराठीपर्यंत कथा फिरली, भाषा बदलल्या, दागिने बदलले, पण ही अट कोणी बदलली नाही.

हे मला वाचनातून सुचलेले नाही. चाळीवरच्या बाईला पैसे भरायची खिडकी दिसली नाही, प्रतवारीतल्या बाईला मुलीची शाळा दिसली, फुईला पहिला अहवाल दिसला. प्रत्येकीने मालिकेत आपल्या आयुष्यातली रिकामी जागा शोधली. प्रेक्षकांची मते म्हणजे आवडले-नावडले, असे धरून आपण ती मोजतो. किती टक्के लोकांनी पाहिले यावर वाहिनीचा आठवडा ठरतो. मोजताना माझ्या उभ्या रेघेसारखे होते. दोन रकाने भरतात आणि कामाचे वाक्य समासात जाते.

फुई २०२४ च्या उन्हाळ्यात गेली. त्याच्या आदल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला. माझ्या पुतण्याच्या लग्नाला तीन वर्षे होऊन गेली होती. वहिनींनी सुनेला नाशिकला दाखवायचे ठरवले, तारीख घेतली, गाडी सांगितली. पुतण्याला त्या दिवशी बाजार समितीत काम होते. फुई ओट्यावर बसली होती. तिने वहिनींना हाक मारली आणि म्हणाली, “दोघांना ने. दोघांचे रिपोर्ट काढ.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पुतण्या मोबाईलमध्ये पाहत राहिला. मी तिथेच होतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी माझे वडील जसे गप्प बसले तसाच मीही गप्प बसलो असतो. पण वहीच्या समासातले ते वाक्य डोळ्यांपुढे आले आणि मी पुतण्याला म्हणालो, “बाजार समितीतलं मी बघतो. तू जा.”

दोघे गेले. कोणाच्या कागदात काय निघाले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.